‘आम्ही फक्त कोड लिहितो’ म्हणणाऱ्या मुलांचं राजकारण

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. दहावी उर्दू माध्यमातून, मग डिप्लोमा, मग इंजिनिअरिंग आणि आता हिंजवडीत नोकरी. अब्बांनी आयुष्यभर गॅरेजमध्ये हात काळे केले, हा घरातला पहिला पदवीधर. शीरखुर्मा खाता खाता कामाच्या गोष्टी निघाल्या. आम्ही सहज विचारलं, "बेटा, तू जे सॉफ्टवेअर बनवतोस ते नेमकं कोण वापरतं?" तो हसला. म्हणाला, "सर, ते वरच्या लोकांना माहीत. आम्हाला टिकिट येतं, आम्ही ते बंद करतो. आणि ऑफिसात राजकारण बोलायचं नसतं. आम्ही फक्त कोड लिहितो."

त्याला दोष द्यायला आमची जीभ वळली नाही. कारण हे वाक्य आम्हीच त्याला शिकवलंय. "राजकारणाच्या भानगडीत पडू नकोस, शिकून मोठा हो" असं मोहल्ल्यातले प्रत्येक आई-वडील सांगतात. आम्ही शिक्षकही सांगतो. त्यामागे भीती आहे आणि ती भीती खोटी नाही. पण मुलगा गेल्यावर आमच्या मनात एक प्रश्न राहून गेला. आज कुणाला कर्ज मिळेल, कुणाची पोस्ट दिसेल, कुणाचा चेहरा कॅमेरा ओळखेल, कोणत्या जिल्ह्याचं इंटरनेट चालू राहील, हे सगळं कोडवर चालत असेल, तर ‘फक्त कोड’ असं काही उरतं का?

संगणकवेड्या तरुणांची एक संस्कृती आहे. जगभर ती साधारण सारखीच दिसते. हुशारीला मान, अधिकाऱ्यापेक्षा जाणकाराला किंमत, रात्र रात्र जागून एखादा मसला सोडवण्याची धुंदी. यात चांगलं पुष्कळ आहे. पण याच संस्कृतीत एक समजही रुजलेला आहे की राजकारण हे कमी अकलेच्या लोकांचं काम, आणि तंत्रज्ञान आलं की प्रश्न आपोआप सुटतात. हा समज कंपन्यांना फार सोयीचा पडतो. म्हणूनच तो तपासून बघितला पाहिजे.

एकदा हीच मुले बोलली होती

आपल्या देशात संगणकवाली तरुण मंडळी एकदा मनापासून राजकारणात उतरली होती. साल होते २०१५.

त्या वर्षी फेब्रुवारीत फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या सोबतीने भारतात ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ आणले. पुढे त्याचेच नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. गरिबाला फुकट इंटरनेट मिळणार, अशी जाहिरात. पण फुकट मिळणार होती ती फक्त ठरावीक संकेतस्थळे. कोणती, याच्या अटी फेसबुक ठरवणार. एप्रिलमध्ये ‘एअरटेल झीरो’ आले. ज्या कंपन्या एअरटेलला पैसे देतील त्यांची अ‍ॅप ग्राहकाला फुकट आणि बाकीच्यांसाठी डेटा खर्च करायचा. त्याच सुमारास, २७ मार्च २०१५ रोजी, दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ‘ट्राय’ने एक सल्लामसलतीचा कागद काढला. ११८ पाने, २० प्रश्न, भाषा सरकारी इंग्रजी. सामान्य माणूस तो वाचणार कसा?

इथे या मुलांनी आपला हुनर कामाला लावला. वकील, पत्रकार, प्रोग्रामर असे काही स्वयंसेवक एकत्र आले. त्यांनी तो कागद सोप्या भाषेत उलगडला आणि प्रश्नांची उत्तरे तयार करून ठेवली. एक बटण दाबले की तुमच्या नावाने ट्रायला ई-मेल जाईल अशी सोय केली. एआयबी या विनोदी मंडळींनी व्हिडिओ काढून सगळे प्रकरण हसत हसत समजावले. बघता बघता दहा लाखांहून अधिक ई-मेल ट्रायकडे गेले. फ्लिपकार्ट एअरटेल झीरोतून बाहेर पडले. क्लिअरट्रिप आणि एनडीटीव्हीने इंटरनेट डॉट ऑर्गशी फारकत घेतली.

वर्षाच्या शेवटी दुसरी फेरी झाली. ९ डिसेंबरला ट्रायने वेगवेगळ्या दरांबाबत नवा कागद काढला. फेसबुकने पानभर जाहिराती दिल्या आणि आपल्याच वापरकर्त्यांना तयार मजकूर देऊन ट्रायला संदेश पाठवायला लावले. २८ डिसेंबरला मार्क झुकरबर्ग यांचा लेख टाइम्स ऑफ इंडियात आला. त्यात उदाहरण होते आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचे. गणेश नावाचा हा शेतकरी फ्री बेसिक्सवर हवामान आणि बाजारभाव बघतो, मग याला विरोध करणारा असेल तरी कोण, असा लेखाचा सूर होता.

खरं सांगायचं तर हा युक्तिवाद आम्हालाही सुरुवातीला पटला होता. आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलांच्या घरी तेव्हा इंटरनेट नव्हते. काहीच नसण्यापेक्षा थोडे मिळाले तर बिघडले कुठे? भुकेल्याला अर्धी भाकर मिळत असेल तर पूर्ण जेवणाच्या हक्काचं भाषण कशाला?

उत्तर हळूहळू उमगले. अर्ध्या भाकरीवर कुणाची हरकत नव्हती. भाकर देणाराच ठरवणार होता की तू काय खायचं आणि कोणत्या दुकानातलं. गावातल्या वाचनालयाला एखाद्या शेठने देणगी दिली तर सलाम. पण त्याच शेठने सांगितले की वाचनालयात माझ्याच पसंतीची पुस्तके राहतील आणि कोण काय वाचतो याची वही माझ्याकडे येईल, तर ते वाचनालय राहिले का? ज्या गरिबाने इंटरनेटचा दरवाजा पहिल्यांदा उघडला, त्याला तेवढीच खोली म्हणजे पूर्ण घर वाटली असती. उद्या त्याच्या भाषेतले छोटे संकेतस्थळ, त्याच्या मोहल्ल्याची बातमी, त्याच्या संघटनेचे पान त्या खोलीत नसते, तर त्याला ते कधी कळलेही नसते.

आयआयटी आणि आयआयएससीतल्या प्राध्यापकांनी फ्री बेसिक्सच्या विरोधात निवेदन काढले. ट्रायने फेसबुकला खरमरीत पत्र लिहिले. सल्लामसलतीत प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात, ठोकळेबाज मजकुराचे गठ्ठे पाठवून तिचे मतदान करायचे नसते, असा त्याचा मतितार्थ होता. आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम काढला: मजकूर बघून डेटाचे वेगळे दर लावता येणार नाहीत. मोडल्यास दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये दंड. तीन दिवसांत फेसबुकने भारतातून फ्री बेसिक्स गुंडाळले. फेसबुकच्या संचालक मंडळावरचे मार्क अँड्रीसन यांनी चिडून असे काही ट्विट केले की वसाहतवादाला विरोध करून भारताचे आर्थिक नुकसानच झाले आहे. मग माफी मागावी लागली.

जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक, तिच्याकडे जाहिरातीचा अमाप पैसा, आणि समोर स्वयंसेवक. स्वयंसेवक जिंकले. नियम कसे बनतात हे ज्यांना कळले आणि आपले ज्ञान ज्यांनी साध्या माणसाच्या भाषेत उतरवले, ते जिंकले.

मग ३०१ संकेतस्थळांची यादी आली

विजयाची गोष्ट इथे संपवली तर छान वाटेल. पण ती पुढे जाते.

५ ऑगस्ट २०१९ पासून काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झाले. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बेमुदत इंटरनेटबंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश जाहीर केले पाहिजेत. त्यानंतर त्याच महिन्यात टूजी सुरू झाले, पण कसे? सरकारने परवानगी दिलेल्या ३०१ संकेतस्थळांपुरते. समाजमाध्यमे त्यात नव्हती. पूर्ण फोरजी परत यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडले. म्हणजे टाळेबंदीत देशभरातली मुले ऑनलाइन शिकत असताना तिथली मुले टूजीवर होती.

आता ही यादी आणि फ्री बेसिक्सची यादी शेजारी ठेवून बघा. एक कंपनीने बनवलेली, एक सरकारने. पण तत्त्व तेच, तुम्ही काय बघायचं ते आम्ही ठरवू. २०१५ मध्ये याच तत्त्वाविरुद्ध दहा लाख ई-मेल गेले होते. या वेळी तो दहा लाखांचा जमाव कुठे होता?

काही लोक उभे राहिले, हे नमूद करायलाच हवे. २०१५ च्या चळवळीतून जन्मलेल्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनने हा प्रश्न लावून धरला. पत्रकार आणि वकील न्यायालयात गेले. पण गर्दी आली नाही. कारण कडू आहे. २०१५ मध्ये आपले स्वतःचे व्हॉट्सअ‍ॅप, आपले स्वतःचे युट्यूब महागणार होते. २०२० मध्ये बंद होते ते दुसऱ्याचे. अन्याय आपल्या तारेवर आला की आपण नागरिक होतो आणि दुसऱ्याच्या तारेवर आला की आपण ‘फक्त कोड लिहिणारे’ होतो.

आणि दुसऱ्याची तार आपल्या गल्लीपर्यंत यायला वेळ लागत नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून तणाव झाला आणि इंटरनेट बंद झाले. अशा वेळी हिंसा करणाऱ्याचं काय अडतं ते आम्हाला माहीत नाही. पण डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचा दिवस बुडतो, दुकानदाराचा क्यूआर कोड मुका होतो, ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख निघून जाते. ‘अ‍ॅक्सेस नाऊ’ या संस्थेच्या मोजणीत २०२३ पर्यंत सलग सहा वर्षे सर्वाधिक वेळा इंटरनेट बंद करणारा देश भारत होता.

कंपन्यांच्या बाबतीतही २०१६ चा विजय अपुराच ठरला. नियमाने दार बंद केले, तर पैसा खिडकीतून आत आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, सुरुवातीला सगळा डेटाच फुकट. बाजाराचा नकाशा बदलला. आणि एप्रिल २०२० मध्ये ज्या फेसबुकला आपण परत पाठवले होते, त्याने ४३,५७४ कोटी रुपये मोजून जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के हिस्सा घेतला. गुगलने ३३,७३७ कोटी टाकले. यात बेकायदेशीर काही नाही. पण २०१५ चा मूळ प्रश्न होता की इतकी ताकद मोजक्या हातांत का असावी, आणि तो प्रश्न तसाच राहिला. आपण एक योजना हरवली आणि घरी गेलो.

कंपनी कुठपर्यंत सोबत चालते?

ही मंडळी जिथे बसतात त्या अमेरिकेत काय झाले, तेही बघू.

जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी संसदेसमोर ‘सोपा’ नावाचे विधेयक होते. चोरीचा मजकूर थांबवण्याच्या नावाखाली अख्खी संकेतस्थळे अडवता येतील, अशी त्यातली तरतूद होती. १८ जानेवारीला इंग्रजी विकिपीडिया २४ तास बंद राहिला. गुगलने आपल्या नावावर काळी पट्टी चढवली आणि सत्तर लाखांवर सह्या गोळा केल्या. विधेयक बासनात गेले. तेव्हा वाटले होते की कंपन्या आणि संगणकवाले तरुण एकाच नावेत आहेत.

सहा वर्षांनी नाव फुटली. मार्च २०१८ मध्ये बाहेर आले की गुगल ‘प्रोजेक्ट मेव्हन’ या लष्करी प्रकल्पात आहे. ड्रोनने टिपलेली दृश्ये यंत्राकडून ओळखून घेण्याचे काम. आधी तीन हजार, मग सुमारे चार हजार कर्मचाऱ्यांनी पत्रावर सही केली की आमच्या कंपनीने युद्धाच्या धंद्यात पडू नये. डझनभर लोकांनी राजीनामे दिले. जूनमध्ये गुगलने जाहीर केले की करार पुढे वाढवणार नाही. सुंदर पिचाई यांनी तत्त्वांची यादी काढली, त्यात शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता बनवणार नाही असे वचन होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला लैंगिक छळाच्या प्रकरणांवरून जगभरातले सुमारे वीस हजार गुगल कर्मचारी काम सोडून रस्त्यावर आले.

हे शक्य का झाले? त्या काळी कुशल माणूस मिळत नव्हता. आज राजीनामा दिला तर उद्या शेजारच्या कंपनीत जागा तयार. जमीर जागा होताच, पण खिशात दुसरी नोकरीही होती. ही गोष्ट आपण विसरू नये.

२०२२ च्या शेवटापासून नोकरकपात सुरू झाली आणि वारे फिरले. गुगल आणि अमेझॉनने २०२१ मध्ये इस्रायल सरकारशी ‘प्रोजेक्ट निंबस’ नावाचा १.२ अब्ज डॉलरचा करार केला होता. १६ एप्रिल २०२४ रोजी त्याविरुद्ध गुगलच्या न्यूयॉर्क आणि सनीवेल इथल्या कार्यालयांत कर्मचाऱ्यांनी ठिय्या दिला. पोलीस आले, अटक झाली. दुसऱ्याच दिवशी २८ जणांना काढले आणि आठवड्याभरात आंदोलकांच्या मोजणीने हा आकडा पन्नासपर्यंत गेला. पिचाई यांनी कर्मचाऱ्यांना लिहिले की ही धंद्याची जागा आहे, राजकारणावर वाद घालण्याची नाही. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये शस्त्रे न बनवण्याचे ते २०१८ चे वचन तत्त्वांच्या यादीतून गुपचूप निघून गेले.

गंमत बघा. कर्मचाऱ्याने प्रश्न विचारला तर ते राजकारण. आणि २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांच्या शपथविधीत झुकरबर्ग, बेझोस, पिचाई आणि मस्क मानाच्या जागी बसले होते, ते काय होते? कंपनीला राजकारण वर्ज्य नाहीच. वर्ज्य आहे ते फक्त खालच्या माणसाचे.

म्हणून काहीच उपयोग नाही, असेही नाही. ४ एप्रिल २०२५ ला मायक्रोसॉफ्टच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात इब्तिहाल अबूसाद ही मोरोक्कोची आणि वानिया अग्रवाल ही भारतीय वंशाची, अशा दोन अभियंता मुलींनी भर सभेत उठून गाझाबद्दल जाब विचारला. इब्तिहालला काढले. वानियाने राजीनामा दिलाच होता, तो लगेच लागू केला. लोक म्हणाले, काय मिळाले? ऑगस्टमध्ये ‘गार्डियन’ने छापले की इस्रायलच्या ‘युनिट ८२००’ या गुप्तचर तुकडीने पॅलेस्टिनी लोकांच्या फोन संभाषणांचा प्रचंड साठा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ठेवला आहे. कंपनीने चौकशी लावली आणि २५ सप्टेंबरला त्या तुकडीच्या काही सेवा बंद केल्या. आतून विचारणारे, बाहेरून खणणारे पत्रकार आणि दबाव टाकणारे लोक, तिन्ही एकत्र आले तेव्हा एवढे झाले. एकट्या कुणाच्याने झाले नसते.

हुनर आहे, पुढे काय?

एक उदाहरण आपल्या घरातले. लिहिताना आजही हात जड होतो.

जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’. मुस्लिम मुलींचे, पत्रकारांचे, कार्यकर्त्या महिलांचे फोटो चोरून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी ही पाने गिटहबवर बनवली गेली. गिटहब म्हणजे जिथे जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात ती जागा, मायक्रोसॉफ्टच्या मालकीची. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने बुल्ली बाई प्रकरणात पहिल्या अटका केल्या. आरोपी म्हणून पकडलेली बहुतेक मुले कोवळ्या वयाची होती आणि त्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. खटल्याचा निकाल न्यायालय देईल.

पण शिक्षक म्हणून आमची झोप उडाली ती वेगळ्या कारणाने. जो कुणी तो कोड लिहिला, त्याला कोड लिहायला कुणीतरी शिकवले होते. लूप शिकवला, फंक्शन शिकवले. बाईच्या फोटोत एक माणूस असतो, हे शिकवायचे राहून गेले. तंत्र येणे म्हणजे तालीम नव्हे. गणितात शंभर पैकी शंभर आणि नागरिकशास्त्राला ‘तो तर स्कोअरिंग विषय’, ही आपल्या सगळ्या शाळांची रीत आहे, उर्दू असो की मराठी असो की इंग्रजी. ती रीत कुठे नेते हे त्या दोन अ‍ॅपनी दाखवले.

‘सर, आमच्या पोरांना परवडेल का?’

आता पालक आम्हाला विचारतील आणि विचारायलाच हवे. "सर, तुम्ही अमेरिकेच्या गोष्टी सांगता. आमचा पोरगा नावामुळे आधीच दहा इंटरव्ह्यू देऊन एका ठिकाणी लागला. त्याने तोंड उघडले तर हप्ता कोण भरणार?"

प्रश्न रास्त आहे. सभेत उठून ओरडा, असे आम्ही कुणाच्या लेकराला सांगणार नाही. ज्याच्या पाठीशी कुणी नाही त्याला एकट्याने पुढे ढकलणे ही हिंमत नाही, ती बेजबाबदारी आहे. पण गप्प राहून नोकरी टिकते, हाही एक भ्रमच आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या, सरकारी नोकरीइतक्या पक्क्या समजल्या जाणाऱ्या कंपनीने सुमारे बारा हजार जागा कमी करायचे जाहीर केले. त्यात कोण राजकारण बोलायचे आणि कोण नाही, हे कुणी बघितले नाही. एसी ऑफिसात, लॅपटॉपसमोर बसला तरी तो कामगारच आहे. हे ज्यांना कळले त्यांनी संघटना बांधायला घेतल्या. पुण्यात ‘नाइट्स’ ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना कपातीच्या तक्रारी कामगार खात्याकडे नेते. कर्नाटकात २०२४ मध्ये कामाचे तास वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तिथल्या आयटी कर्मचारी संघटनेने त्याला जाहीर विरोध केला. एकट्याचा आवाज म्हणजे तक्रार, शंभर जणांचा आवाज म्हणजे मागणी.

शिवाय नागरिक म्हणून करता येणारी कामे ऑफिसच्या दाराबाहेरची आहेत. त्यात नोकरी जात नाही. सरकार नियमांचे मसुदे काढते आणि जनतेच्या सूचना मागवते. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आला आणि सूचना मागवल्या गेल्या. आपल्या मोहल्ल्यातून, आपल्या संघटनांतून, आपल्या आयटीवाल्या मुलांकडून किती सूचना गेल्या? याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला आणि ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणे सोपे झाले. रेशनच्या यादीपासून शिष्यवृत्तीच्या यादीपर्यंत ज्याचा आपल्याला रोज उपयोग होतो, तो हा माहिती अधिकार. ही बातमी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत किती फिरली?

आधी आमची कबुली

बोट दाखवायचे तर आधी स्वतःकडे दाखवू. गेल्या काही काळापासून शाळाशाळांत मुलांचे ‘अपार’ ओळख क्रमांक काढायचे काम चालू आहे. त्यासाठी पालकांची संमती लागते. संमती म्हणजे हो किंवा नाही म्हणायची मुभा. आम्ही काय केले? वरून आकडे विचारले जात होते, म्हणून मुलांच्या हाती फॉर्म दिले आणि सांगितले, "उद्या अम्मीची सही घेऊन ये." एका मुलीची अम्मी शाळेत आली. शिवणकाम करणारी बाई. म्हणाली, "सर, यात काय लिहिलंय? माझ्या मुलीची माहिती कुठे जाणार?" आम्ही घाईत म्हणालो, "काही नाही आपा, सगळेच भरतायत."

रात्री लक्षात आले की हेच ते वाक्य. ‘आम्ही फक्त फॉर्म भरतो.’ आमच्या विद्यार्थ्याच्या ‘आम्ही फक्त कोड लिहितो’चा हा सख्खा भाऊ. सगळ्या वर्गात प्रश्न विचारणारी ती एकटी बाई होती, आणि बीएड झालेल्या आम्ही तिला गप्प केले. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून फॉर्म वाचून दाखवला, उर्दूत समजावला. तिने विचार करून सही केली. पण या वेळची सही तिची होती.

मग करायचं काय?

फार मोठ्या गोष्टी नाहीत. आपल्या वस्त्यांत संगणकाचे क्लास निघालेत, काही मदरशांतही निघाले, चांगली गोष्ट आहे. तिथे आठवड्यातला एक तास असा ठेवा की हे अ‍ॅप कुणी बनवले, त्याला पैसा कुठून मिळतो, ते आपली कोणती माहिती घेते, यावर मुले बोलतील. आयटीत लागलेल्या मुलांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. सरकारी मसुदा मराठीत, उर्दूत समजावून सांगावा, लोकांकडून सूचना लिहून घ्याव्यात. २०१५ च्या स्वयंसेवकांनी याहून वेगळे काही केले नव्हते. आणि हे काम फक्त आपल्यापुरते ठेवू नका. वैयक्तिक माहिती, इंटरनेटबंदी, कामाचे तास, यात शेजारच्या गल्लीतल्या गणेशचा आणि आपल्या गल्लीतल्या सलीमचा मसला एकच आहे. एकत्र गेलो तर ऐकले जाईल.

त्या विद्यार्थ्याला आम्ही निघताना एवढेच म्हणालो, "बेटा, नोकरी नीट कर. फक्त टिकिट बंद करण्याआधी एकदा विचार, हे कुणासाठी आहे. विचारायला तर पगार कापत नाहीत." परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, मी टीम लीडला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं. आता आम्ही दोघं शोधतोय."

सुरुवात अशीच होते.